काशीदची उडी

९ जानेवारी, गुरुवार. नागाव

सकाळी नंदूचा फोन. वाल सोलत होते, हात भरलेले, म्हणून स्पीकरवर टाकला. बरी आहेस का वगैरे काही नाही, एकदम ओरडलाच. "मंदे, उस्ताद आहेत! हयात आहेत! आणि कुठे, तर नांदगावला. तुझ्या नाकासमोर!"

नांदगाव म्हणजे काशीदच्या पुढे, मुरुडच्या अलीकडे. माझ्या दारावरून एस्टी जाते. शाळेतून रिटायर झाल्यापासून मी नागावात आहे. त्या रस्त्याने पाहुण्यांना जंजिरा दाखवायला कितीदा तरी गेले असेन. आणि आम्हाला विमानातून पॅराशूटने उडी मारायला शिकवणारा माणूस त्याच रस्त्यावर राहतो, हे मला दादरहून नंदूने सांगायचं.

१८ ला सगळे काशीदला जमतायत. अरविंद पुण्याहून येणार, बंगला त्यानेच घेतलाय. जुन्या क्लबातले उरलेले सात जण. "उस्तादांना आणायचं काम तुझं," नंदू म्हणाला. हो म्हटलं, लगेच. अजून कोणी काही सोपवलं की माझी छाती तशीच फुगते.

११ जानेवारी, शनिवार

नांदगावला जाऊन आले. कौलारू घर, अंगणात सुपारी वाळत घातलेली. दारावर पाटी. त्यावरून कळलं की उस्तादांचं नाव इस्माईल. इतकी वर्षं आम्ही नुसतं उस्ताद म्हणत आलो. फौजेत शिकवणाऱ्याला म्हणतात तसं. नाव विचारायचं कधी सुचलंच नाही.

मुलगी नसीम, पन्नाशीची. नवरा नाही, मुलगा मस्कतला. तिने बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "अब्बांना आता फारसं आठवत नाही हो. कधी ओळखतात, कधी मलाच विचारतात, तू कोणाची."

आत उस्ताद फरशीवर बसून चादर घडी करत होते. लांब पसरायची, मधली हवा कोपराने दाबून काढायची, मग पट्ट्या. छत्रीची घडी! मी दुसरं टोक धरलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पर्सकडे. "पट्टा ढीला है," म्हणाले. मी हसले, डोळे भरले. पण मला ओळखलं नाही.

नसीमला विचारलं, १८ ला जेवायला नेऊ का. ती घुटमळली. नव्या जागी बावरतात, म्हणाली. मग आपणच, "पण तुमची नावं अजून घेतात. नंदू, अरविंद, मंदा. तुमच्यात बसतील तर बरं वाटेल त्यांना. फक्त जेवायला ना, ताई?"

"फक्त जेवायला. दिवेलागणीच्या आत आणून सोडते. माझी जबाबदारी."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळाचे लाडू कडक झाले. व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर जुने फोटो. घाटावरची ती धावपट्टी, कडेला म्हशी. दार काढून टाकलेलं विमान. फौजेने टाकून दिलेल्या गोल छत्र्या, ठिगळं लावलेल्या. त्यांना दिशा म्हणून नव्हतीच, वारा नेईल तिथे जायचं. आई समजायची मी रविवारी टायपिंगच्या क्लासला जाते.

माझी तिसरी की चौथी उडी. वाऱ्याने थेट ज्वारीत नेऊन टाकलं. एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. मी पाणी प्यायले तशी खाली बसून हळूच विचारते, "घरचे मारतात का गं पोरी?" तिला वाटलं, जीव द्यायला उडी मारली. उस्तादांना सांगितलं तर इतके हसले! मग गंभीर होऊन म्हणाले, जा, तिला परत सांगून ये की तू खुशीत आहेस, नाहीतर तिला आज जेवण जायचं नाही. गेले होते मी. सांगून आले होते.

अशी माणसं आता त्या खेळात असतील का? आता म्हणे पैसे भरायचे, कोणाच्या तरी पोटाशी बांधून घ्यायचं, वर कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. ग्रुपवर मी हे लिहिलं. सगळ्यांनी अंगठे दिले.

१७ जानेवारी, शुक्रवार. काशीद

दुपारी रेवसला गेले होते, भाऊच्या धक्क्यावरून लाँचने नंदू आला. गुडघा बदललेला, तरी धक्क्यावर उडी मारून उतरला, मला दाखवायला. लाँचवाला ओरडला त्याच्यावर. मी हसले.

बंगल्यावर अरविंद आणि बाकीचे आधीच आलेले. पोपटी लावली होती, मडक्यात वालाच्या शेंगा भाजत होत्या. बोलणं एकच. वारा कसा होता, कोण कोणाच्या छपरावर उतरलं, कोणाची छत्री उशिरा उघडली. प्रत्येक जण स्वतःची गोष्ट सांगताना आवाज चढवत होता. मीही. ज्वारीतली बाई सांगितली, तर त्यात बाईने गळ्यात पडून रडणं घातलं. नव्हती रडली ती.

सकाळी उस्तादांना आणायचं. पांढरा सदरा घाला म्हणून नसीमला निरोप दिला, फोटोत छान दिसेल.

१८ जानेवारी, शनिवार

उस्ताद अलिबागला दवाखान्यात. मी नागावात घरी. आज लिहवत नाही.

१९ जानेवारी, रविवार

लिहिते. जसं झालं तसं.

जेवण छान झालं. सुरमई, तांदळाची भाकरी. काटे मी काढून दिले. उस्तादांनी नंदूकडे बघून आपणहून "नंदू" म्हटलं, तसा नंदू ढसढसा रडला. मग सगळ्यांनाच वाटलं, आपलंही नाव घ्यावं. मलाही. मी सारखी समोर जात होते. वाढताना, पाणी देताना. नाही घेतलं.

ऊन उतरल्यावर किनाऱ्यावर गेलो. तिथे जीपने ओढायचं पॅराशूट असतं, शनिवारचे पर्यटक रांगेत. रंगीत छत्री वाळूवर पडलेली. उस्ताद माझा हात सोडून तिच्याकडे गेले. वाकून दोऱ्या उचलल्या, एकेक बोटातून काढायला लागले.

"बसवू या का त्यांना? एकच चक्कर."

हे मी म्हटलं. नंदू नाही, अरविंद नाही. मी. इथे तरी खरं असू दे.

जीपवाला नको म्हणत होता. "सत्तरच्या वर न्हाय घेत आमी. आजोबांचं वय काय?" बाकीचे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, एकोणसत्तर. ते ब्याऐंशीचे आहेत. शिक्षिकेचा आवाज आहे माझा, माणसं ऐकतात.

पट्टे चढवताना उस्तादांचे हात आपोआप चालले. बकल लावलं, ओढून बघितलं, अंगठ्याने दाबलं. आम्ही बेभान. अरविंद म्हणाला, "बघा, अंगात आहे अजून!" मग दोघांनी मागून छत्री उचलली, वारा भरला, पट्ट्यांना हिसका बसून उस्ताद एक पाऊल मागे गेले आणि त्यांचा चेहरा बदलला. माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं.

"नको. मंदा, आज नको."

नाव घेतलं. दिवसभर ज्याची वाट बघत होते ते. आणि मी काय करावं? मी आनंदले. ओरडून सगळ्यांना सांगितलं, "मला ओळखलं! मला ओळखलं!" वर त्यांना म्हणाले, "काही होत नाही, उस्ताद. मी आहे ना." ते पुन्हा म्हणाले, नको. नंदू मोबाइल धरून हसत होता. "दारात अडायचं नाही, उस्ताद!" जीप निघाली.

वर गेल्यावर पाय झाडत होते. आम्ही हात हलवत होतो. ते काहीतरी ओरडत होते, ते आम्ही आमच्या ओरडण्यात ऐकलं नाही. खाली येताना मात्र दोन्ही पाय जुळवले, गुडघे वाकवले, खांदा आत घेतला आणि वाळूवर कुशीवर लोळण घेतली. अगदी आम्हाला शिकवली तशी.

आम्ही टाळ्या वाजवल्या. नंदूने शिट्टी मारली. उस्ताद उठत नव्हते आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

खांद्याजवळचं हाड मोडलं. पायजमा ओला झाला होता. पर्यटकांची पोरं बघत होती. मी ओढणी काढून त्यांच्यावर टाकली. तोवर खूप जणांनी बघितलं होतं.

दवाखान्यात नसीम आली. तिने माझ्याकडे बघून विचारलं, काय झालं. अरविंद पटकन म्हणाला, "त्यांनाच हौस आली हो, हट्टच धरला. आम्ही आवरत होतो." नसीम माझ्याकडेच बघत राहिली. मी औषधांच्या पिशवीला गाठ मारत होते.

२१ जानेवारी, मंगळवार

नंदूने व्हिडिओ टाकला. गाणं लावलंय मागे. "ब्याऐंशी वर्षांचे उस्ताद पुन्हा आकाशात." उतरायच्या आधी कापलाय. नको म्हणतात ते गाण्याखाली दबलंय. मला फक्त त्यांचे ओठ दिसतात.

सगळीकडे फिरतोय. शेजारच्या वहिनी कुंपणावरून, "बाई, तुमचे सर काय उडाले हो! आणि तुम्ही किती खूश दिसता त्यात!" दिसते खरी. उड्या मारतेय मी त्यात.

माझ्या जुन्या शाळेतून फोन. सव्वीस जानेवारीला या, मुलांशी साहसावर बोला. घसा बसलाय म्हटलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

नसीमचा फोन. उस्तादांना घरी नेलं. तब्येत कशी विचारलं तर म्हणाली, हाड जुळेल. मग, "ताई, एक विचारू? अब्बांना कोणी हात लावला की नको नको करतात. हाताची झोळी बांधायला गेले, नको. सदरा चढवायला गेले, नको. मला ढकलतात. आधी असं नव्हतं. तिथे नक्की काय झालं?"

मी म्हटलं, "घाबरले असतील. उंच होतं ना."

"हट्ट त्यांनीच धरला होता ना?"

"अं, हो. म्हणजे..."

कुकरची शिट्टी झाली माझ्याकडे. "गॅसवर ठेवलंय," म्हणून मी फोन बंद केला. कुकर खरंच होता, पण तो बंद करायला कितीसा वेळ लागतो.

२७ जानेवारी, सोमवार

अरविंदला फोन केला. म्हटलं, नसीमला खरं सांगू या, आपण मिळून जाऊ. तो म्हणाला, "कशाला? त्या बाईला उगाच त्रास. हाड जुळतंय ना? मी मोठ्या डॉक्टरांशी बोलतो पुण्याला. आणि हे बघ मंदे, त्यांना वर मजा आली असणार. आयुष्यभर तेच केलं त्या माणसाने."

त्याचा आवाज ऐकता ऐकता मला त्याची पहिली उडी आठवली. म्हणजे न मारलेली. दाराशी गेला, खाली बघितलं आणि म्हणाला, नको. आम्ही दोघं-तिघं विमानात मागे बसून हसलो. उस्तादांनी आमच्याकडे एकदाच बघितलं. अरविंदला आत घेतलं, दोरी सोडवली, आपल्या शेजारी बसवलं आणि विमान उतरेपर्यंत त्याच्याशी आंब्यांबद्दल बोलत राहिले. कुठली कलमं लावली, कुठली मेली. खाली आल्यावर चहा पाजला. आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "दारात नको म्हणायला उडीपेक्षा जास्त कलेजा लागतो. जो हसेल तो माझ्या विमानात बसायचा नाही." पुढे अरविंदने किती उड्या मारल्या.

मी हे त्याला फोनवर म्हटलं. "तू नको म्हणाला होतास, अरव्या. तुला कोणी ढकललं का?"

तो म्हणाला, "ते वेगळं होतं." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं. "उस्ताद दोनदा नको म्हणाले होते. मी ऐकलं होतं. बसवायची कल्पना माझी. वय मी खोटं सांगितलं. नंदू, व्हिडिओ काढून टाक." सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा. कोणीतरी हात जोडले. कोणीतरी लिहिलं, मंदा, स्वतःला इतकं लावून घेऊ नकोस. नंदूने काढून टाकला व्हिडिओ. पण तो आता ज्यांच्याकडे आहे त्यांना आम्ही ओळखतही नाही. अरविंद ग्रुपमधून गेला.

मला वाटलं होतं, लिहिल्यावर हलकं वाटेल. उलट लाज वाटली की सांगायचं ज्यांना होतं त्यांना सोडून सगळ्यांना सांगितलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

मुरुड एस्टीत बसले. रेवदंड्याचा पूल ओलांडला आणि साळावला उतरले. उलट्या गाडीने घरी. तिकीट नांदगावपर्यंतचं काढलं होतं. डब्यात शेवयांची खीर नेली होती, ती वहिनींना दिली. म्हणाल्या, "आज काय विशेष?"

२ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर एकच घोळ. मला नक्की कशाची लाज वाटते? त्यांना वर बसवलं याची, की कोणी बघितलं याची? व्हिडिओ नसता तर इतकं टोचलं असतं का? आणि एक अजून, ते कोणाला सांगण्यासारखं नाही. त्यांनी नाव घेतलं ते आठवलं की अजूनही आधी आनंदच होतो. क्षणभर. मग बाकीचं येतं.

आम्ही त्यांना भेटायला काशीदला जमलोच नव्हतो. आम्हाला आमची पंचविशी हवी होती. ती त्यांच्या अंगावर पट्टे बांधून वर पाठवली.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज गेले. खिडकीतून बाहेर बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी काशीदला मान वळलीच. सुरूच्या झाडांमधून छत्री वर जाताना दिसली. आठवड्यातल्या मधल्या दिवशीही.

नसीम अंगणात सुपारी उलथत होती. "या," म्हणाली, पण उठली नाही. मी पायरीवर बसले. आत रेडिओ चालू होता. मी सांगायला सुरुवात केली ती वयापासून. एकोणसत्तर म्हटलं ते. मग कल्पना कोणाची ते. मग नको. दोनदा. मग माझं नाव घेतलं ते सांगायचं नव्हतं, पण सांगितलं, कारण त्याशिवाय खरं होत नव्हतं. दवाखान्यात मी गप्प राहिले तेही सांगितलं.

ती सुपारी उलथत होती. थांबली नाही.

"खाली पडल्यावर?" म्हणाली.

"टाळ्या वाजवल्या."

तेव्हा थांबली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, आणि तेही मी माझ्यासाठीच मागत होते. ती म्हणाली, "मी त्यांना रोज सांगत्ये, अब्बा, तुम्हीच हट्ट केलात, आता कशाला घाबरता. रोज रागावत्ये त्यांना. झोळी बांधताना. तुमच्या लोकांनी सांगितलं म्हणून."

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. मी समजत होते, मी फक्त गप्प बसले.

"माफ कर," म्हटलं. तिने ते घेतलंही नाही, टाकलंही नाही. हात झटकून उठली. "अब्बांना भेटायचंय तुम्हाला?"

"हो."

"थांबा. विचारते."

आत गेली. रेडिओ बंद झाला. तिचा आवाज आला, आधी कधी न ऐकलेला, मऊ. "अब्बा, मंदा आल्या आहेत. काशीदच्या. भेटता?" मी उभी राहिले, पदर सारखा केला, पायरीवरच्या चपला उगाच सरळ केल्या. मग त्यांचा आवाज. शब्द कळला नाही, छोटा होता.

नसीम बाहेर आली. "नाही म्हणतात."

मी मान हलवली. बसू की जाऊ ते कळेना. तिने तेवढ्यात कोपऱ्यातलं सूप माझ्या हातात दिलं. मी खाली बसले आणि आम्ही दोघी सुपारी पाखडत राहिलो, बराच वेळ. निघताना म्हणाली, "रविवारी मी घरी असते. विचारीन पुन्हा."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही," नसीम म्हणाली.

एस्टी उशिरा आली, गर्दी होती, उभीच राहिले मुरुडच्या बाजारकरणींमध्ये. रविवारची पहिली गाडी कितीची ते विचारायला विसरले.